तेहेतीस शेअर्सचं वाण

कंपनी कायद्याचं पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं आहे. त्यात संचालक आहेत, सभासद आहेत, धनको आहेत, दिवाळं वाजलेलेही आहेत. जावई मात्र कुठेच नाही. ज्या कायद्याला जावई माहीत नाही तो कायदा मराठवाड्यात लागू कोणी केला, हा माझा साधा प्रश्न आहे. मला जिथे जिथे उभं राहू दिलं त्या प्रत्येक ठिकाणी मी तो विचारला, आणि बसा म्हटल्यावरही विचारला. उत्तर कोणाकडेच नव्हतं.

मी धर्मराज. पाटबंधारे खात्यात लिपिक, मुक्काम घनसावंगी. सासुरवाडी जुन्या जालन्यात. सासरे काकासाहेब यांची तिथे डाळीची मिल होती, आणि ती त्यांनी आपल्या आईच्या नावानं काढली होती : चतुराबाई डाळ मिल प्रायव्हेट लिमिटेड. यातले शेवटचे दोन शब्द एका हिशेबतपासनिसाच्या आग्रहाखातर लागले होते आणि घरात त्यांना फारसं कोणी मनावर घेत नव्हतं. सासरे, सासूबाई द्वारकाबाई, मेहुणा भुजंग आणि त्याचे दोन चुलते एवढे सभासद. वार्षिक सर्वसाधारण सभा म्हणजे सप्टेंबरात एक दिवस मिल बंद ठेवून सगळ्यांनी तुरीच्या पोत्यांवर बसायचं, भजी खायची आणि भुजंगनं काहीतरी वाचून दाखवायचं.

या सभेला मी कधीच नसायचो. मी कुठेच नसायचो म्हणा ना. लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाली तरी सासुरवाडीत माझी हद्द बाहेरच्या खोलीपर्यंत. तिथे गादी, गादीवर लोड, लोडाला मी. चहा पहिला मला, बशी स्वच्छ पुसलेली, पंखा माझ्या तोंडाकडे वळवलेला. आत भांडणं व्हायची, हसणं व्हायचं, मिलच्या पट्ट्याचा आवाज यायचा, आणि मी बाहेर बसून मागच्या वर्षीच्या दिनदर्शिकेवरचं चित्र पाहायचो. माणसाला मान दिला की त्याला गप्प बसवता येतं, हे मी त्या गादीवर शिकलो.

काकासाहेबांच्या मात्र ते लक्षात आलं. शहाण्णव साली आषाढ अधिक आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तेहेतीस अनारसे नाहीतर तेहेतीस बत्तासे, असं काहीतरी जाळीदार वाण द्यायचं, ही आपली रीत. मी पाटावर बसलो. काकासाहेबांनी पितळी परात पुढे सरकवली. परातीत तुपाचा दिवा होता, तेहेतीस अनारसे होते, आणि अनारशांच्या खाली एक जाड गुळगुळीत कागद. कंपनीच्या तेहेतीस शेअर्सचं सर्टिफिकेट.

"जावईबापू," ते म्हणाले, "लोडाला टेकून टेकून तुमची पाठ गेली. कवर पाहुणे म्हणून बाहेर बसवू तुम्हाला? आता मिलमधी या. पोत्यावर बसा आमच्यासंगं."

आणि त्यांनी तुळशीपत्र ठेवून वाणावर पाणी सोडलं. माझे वडील मी लहान असतानाच गेले होते. त्या दिवशी मला वाटलं, मिळाले.

आता यात चूक कुठे झाली ते कायदेपंडितांना एव्हाना समजलं असेल. शेअर दुसऱ्याला द्यायचा तर एक हस्तांतराचा फॉर्म असतो, त्यावर सरकारी तारखेचा शिक्का लागतो, देणाऱ्याची सही लागते, तिकिटं लागतात. आमच्याकडे पाणी सोडलं होतं. पाणी सोडल्यावर वरून सही मागणारा जावई अजून जन्माला यायचाय. मी सर्टिफिकेट घरी नेऊन देवघरात ठेवलं. त्या सप्टेंबरात काकासाहेबांच्या शेजारच्या पोत्यावर बसून मी भजी खाल्ली आणि कोणी काही म्हणालं नाही. त्या हिवाळ्यात काकासाहेब गेले.

पुढच्या सप्टेंबरात मी इस्त्रीचे कपडे करून सभेला गेलो, तर मिलच्या दारात भुजंग उभा. "या दाजी, या," तो म्हणाला, आणि माझा हात धरून मला बाहेरच्या खोलीत घेऊन आला. गादी. लोड. पंखा वळवला. "तुम्ही बसा, चहा पाठवतो. आमची जराशी मीटिंग हाय."

"मीटिंगलाच आलोय. मी सभासद आहे."

"दाजी, ते वाण होतं अनारशांचं. सर्टिफिकेट शोभेला ठेवल्तं. लक्ष्मीपूजनाला आपण दागिने मांडतो, मंग ते गुरुजी घरी घेऊन जातेत का?"

हा मुद्दा इतका बिनतोड होता की मी मुकाट लोडाला टेकलो. चहा पहिला मलाच आला, बशीसकट.

खरं कारण मला नंतर समजलं. माझ्या दोन्ही मेव्हण्यांचे नवरे जरा चौकस आहेत. एका पाहुण्याला आत घेतलं की सगळे पाहुणे आत येतील आणि पट्टा नवा का घेतला, जुना कुठे गेला असं विचारत बसतील, ही भुजंगची धास्ती. माणूस वाईट नाही. पण 'पाहुणा' हा शब्द त्यानं ज्या मायेनं उच्चारला, ती माया माझ्या जिव्हारी लागली.

घरी आल्यावर सत्यशीला, म्हणजे आमची पत्नी, म्हणाली, "जाऊ द्या. मला माहेर एकच हाय."

"मलाही सासरे एकच होते," मी म्हणालो. तिनं देवघरातलं सर्टिफिकेट उचललं, पदरानं पुसलं आणि परत ठेवलं. मी ती संमती समजलो.

शेजारी कडूबा राहतात. निवृत्त तलाठी. उभ्या गल्लीतल्या प्रत्येक भांडणात त्यांचा सल्ला असतो, आणि भांडण नसेल तर सल्ला आधी येतो. ते म्हणाले, "फेरफाराला हरकत घ्या."

"कडूबा, ही जमीन नाही. कंपनी आहे."

"नाव तर कमी केलं नं? मंग फेरफारच हाय त्यो. वरच्या सायबाला अर्ज टाका."

वरचा साहेब म्हणजे मुंबईचे कंपनी निबंधक. मी सात पानी अर्ज टाकला. त्यात काकासाहेबांचा स्वभाव, धोंड्यांची चव आणि तुळशीपत्र, सगळं होतं. उत्तर आलं : हे कार्यालय कंपन्यांनी दाखल केलेली कागदपत्रं ठेवतं, सभासदत्वाचे वाद ठरवत नाही, सबब योग्य त्या न्यायालयात दाद मागावी. आमच्या खात्यातही हे वाक्य आहे, पण आम्ही ते इतकं गोड लिहीत नाही. मी ते पत्र खात्यात चार जणांना नमुना म्हणून दाखवलं आणि दिवाणी दावा लावायला निघालो.

वकील केले कमरोद्दीन. जालन्याचेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून घेतले. "धर्मराज साहेब, केस बिलकुल साफ हाय. फक्त कोन्या कोर्टात हाय ते बघावं लागन."

कोर्टातला पहिला दिवस मी विसरणार नाही. बाकावर जागा नव्हती. प्रतिवादी भुजंग आधीच येऊन बसला होता. मला पाहताच तो ताडकन उठला आणि बाकावरच्या चार अनोळखी माणसांना म्हणाला, "सरका, सरका, दाजींना बसू द्या." मी म्हणालो, मी उभाच बरा आहे. तो म्हणाला, ऊन लागून आलात, पाणी घ्या. ज्याच्याविरुद्ध दावा लावलाय तो माणूस आपल्यासाठी थंड पाण्याचा तांब्या धरून उभा आहे, अशा परिस्थितीत चेहऱ्यावर कडवटपणा टिकवणं किती अवघड जातं ते ज्याचं त्यालाच माहीत. मी पाणी प्यायलो, पण आभार मानले नाहीत.

भुजंगच्या लेखी जबाबात मजकूर होता : 'वादी हा प्रतिवादीच्या घरचा जावई असून सबब पाहुणा आहे.' हे वाक्य वाचून झाल्यावर त्याच्या वकिलांनी वाणाच्या मुळावरच घाव घातला. अधिकाचं वाण जाळीदार वस्तूचं असतं, ते म्हणाले. अनारसा जाळीदार, बत्तासा जाळीदार. शेअर सर्टिफिकेटला जाळी कुठे आहे?

कमरोद्दीन वकील शांतपणे उठले. त्यांनी आमचं सर्टिफिकेट खिडकीच्या उजेडात धरलं. दीड-दोन वर्षं देवघरात राहून त्याला कसर लागली होती आणि त्याला चांगली चार-पाच भोकं पडली होती. "जाळी बराबर हाय, साहेब," ते म्हणाले.

न्यायाधीश हसले. गृहस्थ समंजस होते. "आम्हाला आमच्या सासऱ्यांनी नुसती वाटी दिली होती," एवढं बोलून ते गंभीर झाले आणि म्हणाले, तुम्ही मागताय काय, तर कंपनीच्या सभासदांच्या नोंदवहीत नाव. ती नोंदवही दुरुस्त करायचा अधिकार कायद्यानं कंपनी लॉ बोर्डाकडे दिलेला आहे. आधी तिकडे जा.

तिकडे म्हणजे पुन्हा मुंबई. कडूबा म्हणाले, पुरावा संगं न्या. कमरोद्दीन म्हणाले, खरी वस्तू समोर असली की फरक पडतो. दोघांचं एकमत झालेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून वाणाबरोबर घरी आलेली पितळी परात मी घेतली. एसटीत ती मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी वाकून आत पाहिलं, काहीच दिसलं नाही, तेव्हा कुठल्या देवाची म्हणून विचारलं. मुंबईत त्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर मी परात मांडीवर घेऊन पुकाऱ्याची वाट पाहत होतो, तर एका सुटातल्या गृहस्थानं जाता जाता तीत रुपया टाकला आणि नमस्कार केला. मी त्याच्यामागे धावलो. तो लिफ्टमध्ये शिरला. तो रुपया अजून माझ्याकडे आहे आणि तो मी त्याला परत करणार आहे.

बोर्डाच्या साहेबांना अधिक महिना इंग्रजीतून समजावून सांगायचा होता. कमरोद्दीन यांनी प्रयत्नांची शिकस्त केली. साहेबांनी विचारलं, हा महिना दर वर्षी का येत नाही? मग विचारलं, कंपनीच्या आर्थिक वर्षात तो कुठे दाखवतात? मला राहवलं नाही. मी उभा राहून म्हणालो, "साहेब, तो कुठेच दाखवत नाहीत. माझ्यासारखाच आहे तो. सगळे मान देतात, हिशेबात कोणी धरत नाही." कमरोद्दीन यांनी मला कोटाला धरून खाली बसवलं. साहेबांनी आधी परातीकडे पाहिलं. नंतर म्हणाले, नोंदवही दुरुस्त करायचे अधिकार आमचे खरे. पण ही देणगी मुळात झाली की नाही, देणारे हयात नाहीत, वारस आहेत, साक्षीपुरावे लागतील. असा मालकीचा गुंता दिवाणी न्यायालयातच सुटेल. आधी तिकडे जा.

मी परात घेऊन परत आलो. वही दुरुस्त करायची तर मुंबई, देणगी ठरवायची तर जालना, आणि दोघांचं म्हणणं कायद्यानं बरोबर. चुकीचं एकच माणूस होतं, ते एसटीत परात घेऊन बसलं होतं. वाटेत कमरोद्दीन यांनी, तडजोड करा, असं सुचवलं. मी म्हणालो, वकीलसाहेब, हस्तांतराचा कोरा फॉर्म शिक्का मारून आणून ठेवा. सही मी मिळवीन. कुठून मिळवणार हे मला ठाऊक नव्हतं. पण आवाज चांगला लागला होता.

आणि नव्याण्णव साली ज्येष्ठ अधिक आला.

मेच्या त्या भाजक्या उन्हात भुजंग स्वतः घनसावंगीला आला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "दाजी, आईनं धोंड्याला बोलावलंय. तारीख कोर्टाची नसन त्या दिवशी या."

"आणि नाही आलो तर?"

"असं कसं? अधिकाला जावई आला न्हाई तर लोक आमाला काय म्हनतेन?"

त्या क्षणी माझ्या डोक्यात जो उजेड पडला तो मला कुठल्याही कार्यालयात मिळाला नव्हता. सभेतून मला हाकलता येत होतं. जेवणातून येत नव्हतं. मी कमरोद्दीन यांच्याकडे जाऊन शिक्क्याचा फॉर्म आणला, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि सत्यशीलेला म्हणालो, "चल. तुझ्या माहेरी उपाशी बसायला निघालोय."

"खिशातलं तुपापासनं जपा," ती म्हणाली. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

जुन्या जालन्यातलं ते घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. चुलते, त्यांचे जावई, माझे दोन्ही साडू. पाटाभोवती रांगोळी, ताटात धोंडे, धोंड्यांवर तुपाची धार. पुरणाचा वास सगळ्या घरभर. मी पाटावर बसलो आणि हात मांडीवर ठेवले.

"घ्या, जावईबापू," द्वारकाबाई दाराआडून म्हणाल्या. सासूबाई माझ्यासमोर कधी येत नसत. अठरा-एकोणीस वर्षांत मी त्यांचा आवाज आणि पदराचं टोक एवढंच पाहिलं होतं; शहाण्णवच्या सभेतही त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

मी हात उचलला नाही. पहिला घास जावयाचा. तो उचलत नाही तोवर पंगतीत कोणाला शिवता येईना. धोंड्यांवरचं तूप जिरून गेलं. एका साडूनं घाम पुसला. धाकट्या चुलत्यांना साखरेचा आजार होता, ते भिंतीला टेकले. मला त्यांचं वाईट वाटलं, पण लढाईत असं व्हायचंच.

"काय कमी हाय ताटात?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"ताटात काही कमी नाही. काकासाहेबांनी दिलेलं आहे ते माझं आहे की नाही, एवढं सांगा. मी या घरचा की पाहुणा?"

"दाजी, म्याटर कोर्टात हाय," भुजंग म्हणाला, "इथं कसं बोलता येईन?"

"कोणत्या कोर्टात?" मी विचारलं. "दोन्ही कोर्टांनी आमचं नाही म्हणून सांगितलंय. मग आता हेच."

तेव्हा द्वारकाबाई बाहेर आल्या. मी त्यांना पहिल्यांदा सरळ समोर पाहत होतो. डोक्यावरचा पदर घट्ट धरून त्या माझ्याशी नाही, भुजंगशी बोलल्या.

"उद्या तुला केदारखेड्याला धोंड्याला जायाचं हाय नं? तुझ्या सासऱ्यानं परात म्होरं केली अन् दिवा इझल्यावर तिच्यातलं निम्मं काढून घेतलं, तर तू काय करशीन?"

"आई, ते येगळं..."

"त्यांनी पानी सोडल्तं. म्या दाराआड उभी व्हते. शोभेचं असतं तर पानी कामून सोडलं असतं? मेलेल्या मानसाचं वान माघारी घेतो का तू?"

भुजंगनं ताटाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचे डोळे भरले होते. त्याचेही वडील गेले होते, हे या सगळ्या कज्ज्यात माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. "आना तिकडं फॉर्म," तो म्हणाला. मी खिशातून काढला. भुजंगनं वारस म्हणून सही केली, द्वारकाबाईंनी एकेक अक्षर उभं करत केली, सत्यशीलेनं आणि तिच्या बहिणींनीही केली. तुपाचं एक बोट कोपऱ्यात उमटलंच. मी धोंडा मोडला. थंड झाला होता. तसा धोंडा मी पुन्हा खाल्लेला नाही.

वाण मिळाल्यावर तीन वर्षांनी जिंकलो. सप्टेंबरात सर्वसाधारण सभा. मी नवा सदरा शिवला होता. पोचलो, तर बाहेरच्या खोलीतली गादी गुंडाळून ठेवलेली. मिलमध्ये एकच खुर्ची, तिच्यावर हिशेबतपासनीस.

"या धर्मराजराव, उशीर केला," भुजंग पाठमोरा म्हणाला. 'दाजी' म्हणणं गेलं होतं. "तुरीची गाडी उतरून राह्यली, बसा कुठंबी."

मी एका पोत्यावर बसलो. नव्या सदऱ्याला भुसा लागला. चहा आला तो सगळ्यांत शेवटी, कानतुटक्या कपात, बशीशिवाय. पंखा दुसरीकडेच वळलेला. एका चुलत्यानं न पाहताच माझ्या हातात भज्यांचं ताट देऊन वाढायला सांगितलं. मी संतापलो. हे काय म्हणून? पंधरा-सोळा वर्षं मी त्या गादीचा धनी होतो! शेअर मागितले होते, मान सोडून दिला असं कोणत्या फॉर्मवर मी लिहून दिलं होतं? हा प्रश्न निबंधकांचा, कोर्टाचा की बोर्डाचा, असा विचार करत मी भजी वाढत होतो, तेवढ्यात कोपऱ्यातल्या पोत्यावरून द्वारकाबाई म्हणाल्या,

"धर्मराज, पंखा वळव रं जरा इकडं."

धर्मराज. नुसतं. आणि वळव. माझी आई गेल्यापासून मला असं कोणी काही सांगितलं नव्हतं. मी पंखा वळवला. भुसा डोळ्यात गेला असावा, कारण मला समोरचं काही नीट दिसेना. मी माझ्या पोत्यावर येऊन बसलो, काकासाहेबांच्या शेजारी ज्या पोत्यावर बसलो होतो साधारण त्याच जागी.

"ठराव पहिला," भुजंगनं वाचायला सुरुवात केली. वाचून झाल्यावर म्हणाला, "सगळ्यांना मंजूर?"

मी ठराव ऐकला नव्हता. पण मी उठून उभा राहिलो आणि हात वर केला.

"नामंजूर," मी म्हणालो.

"अरे बस की खाली!" भुजंग माझ्यावर ओरडला. मला, त्याच्या दाजीला, सगळ्यांदेखत, अरे म्हणाला.

मी बसलो नाही.